११३८ किलोमीटर आणि सव्वादोन तास

राजधानी एक्स्प्रेसने मुंबई सेंट्रल ते नवी दिल्ली हे अंतर १३८४ कि.मी. आहे. विमानाने तेच ११४० च्या आसपास भरतं. मग मधले अडीचशे कि.मी. गेले कुठे? उत्तर सोपं आहे. गाडी सुरत, वडोदरा, रतलाम, कोटा करत जाते. विमानतळांमधलं अंतर मात्र पृथ्वीच्या पाठीवर दोरी ताणून मोजल्यासारखं असतं.

हे अंतर काढायला कॅल्क्युलेटर पुरतो. मुंबई विमानतळ १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व आणि दिल्लीचा २८.५७ उत्तर, ७७.१० पूर्व. अक्षांशांतला फरक ९.४८ अंश. एक अंश म्हणजे सुमारे १११.२ कि.मी., म्हणून उत्तरेकडे १०५४ कि.मी. रेखांश ध्रुवाकडे जवळ येत जातात, त्यामुळे तिथे सरासरी अक्षांशाच्या कोसाइनने गुणायचं. ४.२३ अंशांचे मग ४३० कि.मी. होतात. आता आपला शाळेतला पायथागोरस लावा, उत्तर येतं ११३८! लंडनसारख्या सुमारे ७२०० कि.मी. दूरच्या ठिकाणाला मात्र ही युक्ती चालत नाही. तिथे पृथ्वीचा गोलावा धरावाच लागतो.

आता वेळेचं बघू. जेट विमान वर गेल्यावर ताशी साधारण ८३० कि.मी. वेगाने जातं. भागाकार केला तर १ तास २२ मिनिटं. पण तिकिटावर सव्वादोन तासांच्या आसपास वेळ असते. एअरलाइन आपल्याला फसवते का? अजिबात नाही. तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पलीकडे जागेवर थांबेपर्यंतची असते. त्यात टॅक्सीइंग आलं, रांग आली. मुंबईच्या जुन्या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी मुख्यतः एकच वापरता येते. शिवाय चढताना आणि उतरताना पूर्ण वेग मिळत नाही. १०,००० फुटांखाली साधारणपणे २५० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ४६० कि.मी. ही मर्यादा असते. आणि विमानही दोरीच्या रेषेत जात नाही, ठरलेल्या हवाई मार्गाने वळणं घेत जातं.

चौथी भानगड वाऱ्याची. हिवाळ्यात उत्तर भारतावर उंचावरून पश्चिमेकडून जोरदार वारे वाहतात. म्हणून दिल्लीहून कोलकात्याला विमान लवकर पोचतं आणि परत येताना जास्त वेळ घेतं. मुंबई-दिल्ली मार्ग बराचसा दक्षिणोत्तर असल्यामुळे तिथे हा फरक कमी जाणवतो.

हे सगळं नुसतं गणित नाही. इंधन यावरच भरतात. दिल्लीपुरतं भरून चालत नाही. दिल्लीला उतरता आलं नाही तर पर्यायी विमानतळापर्यंत जाण्याइतकं, आणि वर अर्धा तास घिरट्या घालण्याइतकं इंधन लागतं. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीला धुकं असलं की विमानं जयपूरकडे वळवावी लागतात, तेव्हा हेच जादा इंधन प्रवाशांना सुखरूप ठेवतं.

तेव्हा मित्रांनो, त्या दिवसांत दिल्लीला इंटरव्ह्यू असेल तर अंतर भागिले वेग करून सकाळचं विमान पकडू नका. आदल्या दिवशीच पोचा. ११३८ कि.मी. बदलत नाहीत, सव्वादोन तास मात्र कधीही बदलू शकतात.