भुकेल्या बाळाला पोटभर का भरवत नाहीत?

उपाशी मुलाला पोटभर खाऊ घालावे, ही कोणाचीही सहज प्रेरणा. तीव्र कुपोषित बालक रुग्णालयात दाखल होते, तेव्हा मात्र हीच प्रेरणा त्याच्या जिवावर बेतू शकते.

सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरहून कमी भरला, उंचीच्या मानाने वजन फारच कमी असले किंवा दोन्ही पावलांवर दाबल्यास खळगा पडणारी सूज असली, तर ते तीव्र कुपोषित मानले जाते. भूक शाबूत असेल आणि अन्य आजार नसेल, तर अशा मुलावर गावातच उपचार होऊ शकतात. रुग्णालयात पोहोचते ते अन्नाकडे पाहून तोंड फिरवणारे, जुलाब किंवा न्यूमोनियाने ग्रासलेले मूल.

दीर्घ उपासमारीत शरीर काटकसर शिकते. हृदय, यकृत, मूत्रपिंड सारेच मंदावतात. पेशींतील पोटॅशियम घटते आणि सोडियम साचते. अशा मुलाला जुलाब झाले म्हणून भराभर सलाइन चढवले, तर दुबळ्या हृदयाला तो भार पेलत नाही. एकदम भरपूर आहार दिला, तर रक्तातील फॉस्फेट आणि पोटॅशियम झपाट्याने खाली येतात. रक्तक्षय उघड दिसत असूनही सुरुवातीला लोह देत नाहीत, कारण त्याने जंतुसंसर्ग बळावू शकतो. संसर्ग असूनही ताप येईलच असे नाही. म्हणून दाखल झालेल्या प्रत्येक मुलाला प्रतिजैविके दिली जातात. एरवी योग्य ठरणारे निर्णय इथे उलटतात, आणि नव्या डॉक्टरची खरी परीक्षा होते ती इथेच.

पहिले काही दिवस मिळते ते दूध, साखर, तेल आणि क्षार यांचे ‘एफ-७५’ हे सौम्य मिश्रण. अंगावर फार सूज नसल्यास दिवसाला किलोमागे १३० मिलिलिटर, तेही दर दोन तासांनी. म्हणजे सहा किलोच्या मुलाला एका वेळी अवघे ६५ मिलिलिटर, पण रात्रंदिवस बारा वेळा. भूक परतली आणि सूज ओसरू लागली, की मगच अधिक उष्मांकाचे ‘एफ-१००’.

कागदावर हे सोपे दिसते. पण रात्री दोनचा आणि चारचा घास चुकला, तर पहाटेपर्यंत रक्तातील साखर आणि अंगातील ऊब दोन्ही उतरतात. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात दिसले, की रुग्णालयांतील अशा बालकांच्या मृत्यूचे प्रमाण पाच दशके २० ते ३० टक्क्यांच्या घरातच रेंगाळले होते. पुढे जागतिक आरोग्य संघटनेची पद्धत लागू केल्यावर दक्षिण आफ्रिकेतील एका ग्रामीण रुग्णालयात हे प्रमाण ४६ वरून २१ टक्क्यांवर आले. मोठीच घट, तरीही पाचातले एक मूल दगावतच होते.

मेळघाटात अडचणींची जातकुळी आणखी वेगळी. धारणी किंवा चिखलदऱ्याच्या पोषण पुनर्वसन केंद्रात मुलासोबत आईने दोन आठवडे राहायचे, तर घरची बाकीची मुले कोणी सांभाळायची? पावसाळ्यात पेरणी-निंदणीची कामे कोणी करायची? सरकार बुडीत मजुरी देते, पण शेतातले काम त्यासाठी थांबत नाही. मग कोरकू आई मूल जरा हसू-खेळू लागताच घरी निघते. तिला दोष देणे सोपे आहे. मला ते न्याय्य वाटत नाही. पुढे दिवाळीनंतर कुटुंब मजुरीसाठी बाहेरगावी गेले, की अंगणवाडीतले वजनही राहून जाते.

इथल्या मंडळांत देणगीचा विषय निघाला, की चर्चा बहुधा यंत्रांची होते. अशा वॉर्डाची निकड फार साधी असते: अचूक वजनकाटा, साखर तपासण्याच्या पट्ट्या, पांघरुणे, रात्रपाळीला आणखी एक परिचारिका. आणि थर्मामीटर, पण वेगळा. पाऱ्याच्या नेहमीच्या थर्मामीटरवरील आकडे ३५ अंशांपासून सुरू होतात. आणि या मुलांच्या बाबतीत धोका असतो तो त्याखाली.