दुसऱ्या ओळीवरून चौथ्या ओळीवर

रिलेशनल डेटाबेस म्हणजे समान मूल्यांच्या आधारे एकमेकांशी जोडलेल्या तक्त्यांचा संच, आणि तो क्लाउडवर ‘मॅनेज्ड’ स्वरूपात घेणे म्हणजे सर्व्हर, बॅकअप, सुरक्षेचे पॅच आणि आवृत्तीबदलाची यांत्रिक बाजू सेवा देणाऱ्या कंपनीकडे सोपवणे होय. तक्त्यांत काय लिहिले आहे आणि त्यांवर विसंबलेले प्रोग्रॅम त्याचा कोणता अर्थ लावतात, याची जबाबदारी मात्र वापरणाऱ्याकडेच राहते. आवृत्ती बदलल्यावर जुने प्रोग्रॅम पूर्वीसारखेच बरोबर उत्तर देत राहणे, म्हणजेच सुसंगतता, ही या दुसऱ्या जबाबदारीचा भाग आहे. आणि तिचे स्वरूप धाराशिव जिल्ह्याच्या नामांतरात विशेष स्पष्टपणे दिसते.

केंद्र सरकारने उस्मानाबाद शहराचे नाव धाराशिव करण्याला फेब्रुवारी २०२३ मध्ये ना-हरकत दिली, तर जिल्हा, उपविभाग, तालुका आणि गाव या महसुली घटकांची नावे बदलणारी राज्याची अधिसूचना त्याच वर्षी सप्टेंबरच्या मध्यावर निघाली. योगायोग असा की पोस्टग्रेसक्यूएल या प्रचलित डेटाबेसची १६ वी आवृत्ती त्याच सुमारास, १४ सप्टेंबरला, प्रसिद्ध झाली आणि मायएसक्यूएलच्या ५.७ या आवृत्तीचा विस्तारित आधार पुढच्याच महिन्यात संपला. या घटनांचा परस्परांशी संबंध नसला, तरी नोंदी सांभाळणाऱ्यापुढे त्या एकच प्रश्न उभा करतात : जुन्यावर विसंबून कोण कोण बसले आहे?

जिल्ह्यातील आठ तालुक्यांची यादी वर्णानुक्रमे मांडली, तर नामांतरापूर्वी तिचा क्रम उमरगा, उस्मानाबाद, कळंब, तुळजापूर, परांडा, भूम, लोहारा, वाशी असा होता. नंतर तो उमरगा, कळंब, तुळजापूर, धाराशिव, परांडा असा होतो आणि मुख्यालयाचा तालुका दुसऱ्या ओळीवरून चौथ्या ओळीवर जातो. एखाद्या प्रोग्रॅमने तालुका ओळखताना ‘यादीतील दुसरा’ एवढेच लक्षात ठेवले असेल, तर नामांतरानंतर तो काहीही कुरकुर न करता कळंबची माहिती पुढे करील. ‘उस्मानाबाद’ हे नाव शोधणारा प्रोग्रॅम निदान रिकाम्या हाताने परत येतो आणि बिघाड उघड होतो. क्रमावर विसंबलेला प्रोग्रॅम मात्र चुकीचे उत्तर बरोबर असल्यासारखे देतो, आणि म्हणून तो अधिक घातक ठरतो.

नावावर विसंबणेही सुरक्षित नसते, कारण कळंब नावाचा तालुका यवतमाळ जिल्ह्यातही आहे. त्यामुळे जाणता रचनाकार प्रत्येक ओळीला अर्थहीन, न बदलणारा क्रमांक देतो आणि तोच प्रायमरी की, म्हणजे त्या ओळीची एकमेव ओळख, म्हणून वापरतो. २०११ च्या जनगणनेतील ५२५ हा जिल्ह्याचा क्रमांक किंवा वाहनांवरील एमएच-२५ ही खूण यांत जिल्ह्याचे नाव कोठेच नाही, म्हणून नामांतराने त्यांना धक्का लागला नाही. याउलट २०२५ मध्ये रेल्वे स्थानकाचे नाव बदलले तेव्हा त्याचा कोडही यूएमडीऐवजी डीआरएसव्ही झाला. अशा कोडने जोडलेल्या प्रत्येक तक्त्यात मग नावाबरोबर जोडणीही बदलावी लागते.

क्रमाचा हाच घोटाळा डेटाबेसच्या पोटातही होतो. शोध जलद व्हावा म्हणून डेटाबेस इंडेक्स ठेवतो, म्हणजे विशिष्ट क्रमाने लावलेली सूची. परंतु तो क्रम ठरवणारे नियम अनेकदा खालच्या ऑपरेटिंग सिस्टीमकडून येतात. युनिकोडच्या संकेतक्रमात ‘ळ’ हे अक्षर ‘ल’च्या लगेच पुढे आहे, तर मराठी वर्णमालेत ते ‘ह’नंतर येते, त्यामुळे पहिल्या नियमाने कळंब आधी आणि कसबे तडवळे हे गाव नंतर, तर दुसऱ्या नियमाने याच्या उलट क्रम लागतो. लिनक्सवरील ग्लिबसी या मूलभूत लायब्ररीने ऑगस्ट २०१८ मधील २.२८ या आवृत्तीत क्रमवारीचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले, तेव्हा जुन्या नियमाने लावलेल्या इंडेक्समध्ये नव्या नियमाने शोध घेतल्यास असलेली नोंद न सापडण्याची आणि एकमेव असायला हवी ती नोंद दुबार शिरण्याची शक्यता निर्माण झाली. त्यावर उपाय एकच, तो म्हणजे बाधित इंडेक्स नव्याने बांधणे.

म्हणूनच आवृत्तीबदलाची खरी मेहनत बदलाच्या रात्रीपूर्वीच होते. किरकोळ आवृत्तीत प्रामुख्याने दोषदुरुस्ती असते आणि ती ठरलेल्या देखभालीच्या वेळेत आपोआप चढवता येते. मोठ्या आवृत्तीत मात्र वर्तनच बदलू शकते, म्हणून आधी डेटाबेसची प्रत काढून तिच्यावर बदल करून पाहतात, नेहमीच्या क्वेरी जुन्या व नव्या प्रतीवर चालवतात आणि उत्तरे ओळीला ओळ लावून ताडतात. बदलानंतर पोस्टग्रेसक्यूएलमध्ये ‘ॲनालाइझ’ ही आज्ञा देण्याची शिस्त आहे, कारण तक्त्यांविषयीचे अंदाज १७ व्या आवृत्तीपर्यंत नव्या घरात सोबत येत नसत आणि ते नसतील तर डेटाबेस चुकीची वाट निवडून रेंगाळतो. बदल फसल्यास परतीचा मार्ग जुन्या बॅकअपमधूनच जात असेल, तर त्या वाटेवर मधल्या काळातील नोंदी गमवाव्या लागतात.

जुने न गमावता नवे कसे नोंदवायचे, या प्रश्नाचे एक उत्तर महसुली दप्तराने फार पूर्वी शोधले आहे. फेरफार आधी गाव नमुना सहामध्ये नोंदला जातो, हरकतींसाठी मुदत दिली जाते, नोंद प्रमाणित झाल्यावरच सातबारा बदलतो आणि तेव्हाही जुने नाव पुसले जात नाही; पूर्वी त्याला कंस करीत, २०२० च्या नव्या नमुन्यापासून त्यावर आडवी रेघ येते. डेटाबेसमध्ये याच रीतीने नावांचा वेगळा तक्ता ठेवून प्रत्येक नाव कोणत्या कामासाठी आणि कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत लागू आहे, हे लिहिता येते. धाराशिवच्या बाबतीत ही चैन नसून गरज आहे, कारण २०२४ ची लोकसभा निवडणूक या भागात झाली ती उस्मानाबाद याच नावाच्या मतदारसंघात. त्या निकालाची ओळ धाराशिव जिल्ह्याच्या ओळीला जोडायची, तर दोन्ही नावे आपापल्या जागी खरी मानावी लागतात.