मंत्र आणि बंदूक : भूमिकाखेळांच्या नियमांतील अधिकारविचार

वैरागहून बार्शीमार्गे पश्चिमेस गेले असता परांड्याचा भुईकोट किल्ला लागतो. आज विजापूर येथे शेरजा बुरुजावर असलेली मलिक-ए-मैदान ही तोफ १६३२ मध्ये याच किल्ल्यातून तेथे नेण्यात आली. १५४९ मध्ये अहमदनगर येथे महंमद बिन हसन रूमी याने ती ओतली. तिचे वजन सुमारे ५५ टन असून तिच्या मुखाशी जबडा पसरलेला सिंह व त्या जबड्यात सापडलेला हत्ती दाखविला आहे. अशा तोफेसमोर एखादा मंत्रसिद्ध पुरुष उभा राहिला आणि त्याने मंत्रोच्चार केला, तर काय घडेल? इतिहासकारास हा प्रश्न पडण्याचे कारण नाही. तथापि अद्भुतरम्य विश्वावर आधारलेल्या भूमिकाखेळांचे नियम लिहिणाऱ्यास तो टाळता येत नाही. आणि त्याचे उत्तर देताना तो नकळत एका सामाजिक प्रश्नाचेही उत्तर देत असतो.

हे खेळ मेजाभोवती बसून, मुख्यतः शब्दांनी खेळले जातात. सूत्रधार प्रसंग सांगतो. प्रत्येक खेळाडू एका पात्राची भूमिका घेऊन आपली कृती सांगतो. जेथे यशापयश अनिश्चित असेल तेथे फासे टाकून निर्णय होतो. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (१९७४) हा या प्रकारातील प्रसिद्ध झालेला पहिला खेळ होय. त्यातील मंत्रांची कल्पना जॅक व्हान्स यांच्या ‘द डाइंग अर्थ’ (१९५०) या पुस्तकावरून घेतलेली आहे : मंत्र आधी पाठ करावयाचा, आणि एकदा उच्चारला की तो स्मृतीतून पुसला जातो. बंदुकीचा प्रश्नही लवकरच उपस्थित झाला. १९७९ मध्ये सूत्रधारासाठी निघालेल्या ग्रंथात पिस्तूलधारी पात्रांना या मंत्रविश्वात कसे आणावे याचे नियम दिलेले आढळतात.

मंत्र आणि बंदूक यांतील भेद हा प्रथमदर्शनी निसर्ग आणि अतिनिसर्ग यांतील भेद वाटतो. भाषाशास्त्राच्या दृष्टीने मात्र तो निराळा आहे. मंत्र ही उक्तीच कृती असते. जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ मध्ये हार्वर्ड येथे दिलेल्या व १९६२ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत अशा कृतिरूप उक्तींचे विवेचन केले आहे. अशी उक्ती खरी किंवा खोटी नसते. ती साधते किंवा फसते. ती साधण्यासाठी रीत योग्य हवी, प्रसंग योग्य हवा आणि उच्चारणारी व्यक्ती त्या उक्तीस अधिकारी हवी. या अटी न पाळल्यामुळे उक्ती मुळातच निष्फळ ठरली, तर त्या दोषास ऑस्टिन यांनी जे नाव दिले ते बंदुकीच्या परिभाषेतील आहे : मिसफायर. मराठीतही पोकळ ठरलेल्या घोषणेस ‘फुसका बार’ म्हणतात. म्हणजे शब्दाच्या अपयशाचे वर्णन करण्यासाठी दोन्ही भाषा दारूगोळ्याकडेच वळल्या आहेत.

परंतु या दोन अपयशांची कारणे सारखी नाहीत. महाभारतातील अस्त्रविद्या नियमांच्या दृष्टीने पाहिली तर हे स्पष्ट होते. इंद्राने कर्णास दिलेली शक्ती एकदाच वापरता येणारी होती व ती घटोत्कचावर खर्ची पडली. नारायणास्त्रापुढे शस्त्र खाली ठेवणाऱ्यास इजा होत नाही, आणि त्याचा दुसऱ्यांदा प्रयोग केल्यास ते प्रयोगकर्त्यावरच उलटते. अर्जुनास आपले अस्त्र आवरता आले. अश्वत्थाम्यास ते आवरता आले नाही, कारण त्यासाठी लागणारे व्रताचरण त्याच्यापाशी नव्हते. आणि कर्णाचे ब्रह्मास्त्र? ब्राह्मण असल्याचे सांगून त्याने ते परशुरामाकडून मिळविले; ते खोटे उघडकीस आले आणि ऐन वेळी मंत्र आठवणार नाही असा शाप त्यास मिळाला. येथे मंत्र फसतो तो उच्चार चुकला म्हणून नव्हे, तर उच्चारणारा अधिकारी मानला गेला नाही म्हणून.

तोड्याची बंदूक कशी चालते ते याच्या शेजारी ठेवून पाहावे. नळीत दारू घालावयाची, गोळी ठासावयाची, कानाशी रंजक भरावयाची व पेटता तोडा टेकवावयाचा. पावसाने रंजक भिजली, तोडा विझला किंवा नळी फुटली, तर बार फसतो. यांतील एकही कारण बंदूकधाऱ्याच्या कुळाशी, दीक्षेशी वा व्रताशी संबंधित नाही. पानिपतावर १७६१ मध्ये लढलेल्या इब्राहिमखान गारद्याच्या पलटणी कवायतीने तयार झाल्या होत्या, गुरुमंत्राने नव्हे. मंत्रास अधिकारी लागतो. बंदुकीस सराव केलेला हात पुरतो.

ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली म्हणजे निरनिराळ्या खेळांतील नियमांचा अर्थ उलगडू लागतो. स्थूलमानाने त्यांचे तीन वर्ग पाडता येतील.

पहिल्या वर्गात बंदुकीस मंत्रविश्वात सामावून घेतले जाते. ‘फर्गॉटन रेल्म्स’ या प्रसिद्ध कल्पित विश्वात खरी दारू पेटत नाही. तिच्या जागी ‘स्मोकपावडर’ नावाची मंत्रमय भुकटी असते. जादू उतरविणारा मंत्र तिच्यावर टाकला की ती कायमची निकामी होते. बंदूक येथे आहे खरी, पण तिच्यावर अखेरची सत्ता मांत्रिकाचीच राहते.

दुसऱ्या वर्गात बंदूक हे इतर शस्त्रांसारखेच एक शस्त्र मानले जाते. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४ च्या सूत्रधार-ग्रंथात लांब नळीच्या मस्केटचा आघात बारा पृष्ठांच्या फाशाने मोजला आहे, तर मोठ्या धनुष्याचा आठ पृष्ठांच्या. फरक मोठा नाही. किमतीतील मात्र आहे. धनुष्यास ५० सुवर्णनाणी पडतात, मस्केटला ५००.

तिसऱ्या वर्गात बंदुकीस तिचा स्वतःचा धर्म दिला जातो. ‘पाथफाइंडर’च्या २०११ मधील नियमांनुसार जवळच्या पल्ल्यात गोळी चिलखतास जुमानत नाही, उलटपक्षी फासा अगदी खालच्या आकड्यावर पडला तर बार फसतो व बंदूक नादुरुस्त होते. या दोषास तेथेही ऑस्टिन यांचाच शब्द योजला आहे.

या सर्वांत भाषाभ्यासकास विशेष बोधक वाटावा असा नियम म्हणजे निःशब्दतेचा मंत्र. त्याच्या कक्षेत कोणताही ध्वनी उमटत नाही. त्यामुळे ज्या मंत्रांना उच्चार आवश्यक आहे ते तेथे म्हणताच येत नाहीत. बंदूक मात्र तेथेही चालते. फक्त तिचा आवाज होत नाही. वाणी हिरावून घेतली असता कोणाचे सामर्थ्य शिल्लक राहते, हे या एका नियमात दिसून येते.

यावर असा आक्षेप घेता येईल की बंदूकही सर्वांची कधी नव्हती. आक्षेप रास्त आहे. १८७८ च्या शस्त्रकायद्याने परवान्यावाचून शस्त्र बाळगणे हा भारतीयांसाठी गुन्हा ठरविला. दारू, शिसे व कारागीर यांस पैसा लागतो. खेळातील ५०० नाणी हेच सांगतात. म्हणून बंदुकीने अधिकाराची अट नाहीशी केली असे म्हणणे बरोबर नाही. तिने ती अट जन्म व दीक्षा यांच्याकडून काढून तिजोरी व सरकार यांच्याकडे सोपविली, एवढेच म्हणता येईल.

या प्रश्नाचे उत्तर माणसांनी प्रत्यक्ष देहावर झेललेलेही आहे. १९०५ मध्ये जर्मन पूर्व आफ्रिकेत उठाव करणाऱ्यांना, मंत्रित पाणी घेतल्याने गोळ्यांचे पाणी होईल असे सांगण्यात आले होते. स्वाहिली भाषेत ‘माजी’ म्हणजे पाणी. त्यावरूनच त्या उठावास ‘माजी माजी’ हे नाव पडले. गोळ्यांचे पाणी झाले नाही. तथापि ती श्रद्धा निव्वळ भोळेपणाची होती असे म्हणून भागत नाही. ज्यांच्या हाती बंदूक येऊ दिली जात नाही, त्यांच्यापाशी शब्दच उरतो.

मराठीत असे खेळ रचू इच्छिणाऱ्यास युरोपीय नमुन्याची नक्कल करण्याचे कारण नाही. त्या नमुन्यात बंदूक आली की मंत्रयुग संपते असे बहुधा गृहीत धरलेले असते. मराठीने ही रेघ इतकी ठळक ओढलेली नाही. ऐतिहासिक मराठी कागदपत्रांत ‘बाण’ हा शब्द धनुष्याच्या तीरासाठी येतो, तसाच दारू भरलेल्या अग्निबाणासाठीही येतो. आजच्या ‘क्षेपणास्त्र’ या शब्दात ‘अस्त्र’ अजून नांदते आहे. खंडेनवमीस तलवारीबरोबर बंदुकीचीही पूजा होते.

परांड्याच्या तटावर ती तोफ पुन्हा उभी आहे असे कल्पून नियमकर्त्याने म्हणूनच एवढेच ठरवावे : मंत्र नेमका कशावर चालतो? दारूवर चालत असेल, तर मांत्रिक हवामानाची जागा घेतो. उडालेल्या गोळ्यावर चालत असेल, तर तो चिलखताची जागा घेतो. बत्ती देणाऱ्या गोलंदाजाच्या हातावर चालत असेल, तर तो धन्याची जागा घेतो. आणि तो कशावरच चालत नसेल, तर मंत्र शिकण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले त्या पात्रांना खेळात कोणते स्थान उरते, याचा जाब नियमकर्त्यास द्यावा लागेल.