आधी छताखाली पाहा, मग छतावर

एप्रिलमधल्या दुपारी साडेतीन वाजता तालुक्याच्या गावातल्या एखाद्या नगरपरिषदेच्या सर्वांत वरच्या मजल्यावर जा. पंखा पूर्ण वेगात फिरत असतो, तरी टेबलावरच्या फायलीसुद्धा हाताला गरम लागतात. ‘पंखा जुना झालाय,’ असे कर्मचारी सांगतात. ते खरे असले तरी निम्मेच. उरलेला दोष छताचा.

सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो. काँक्रीटमधून उष्णता सावकाश सरकते, म्हणून भर दुपारचे ऊन खोलीत काही तासांनी उतरते. मग तापलेला स्लॅब खालच्या माणसांवर अवरक्त किरणांचा मारा करत राहतो. पंखा तो मारा थोपवू शकत नाही. उलट छतालगतची गरम हवाच खाली लोटतो.

यावरचा पहिला उपाय अगदी साधा आहे : चुना. जुने, काळवंडलेले काँक्रीट अंगावर पडलेले बहुतेक ऊन शोषून घेते. नव्याने दिलेला पांढरा चुना किंवा परावर्तक रंग त्यातले बरेचसे ऊन परत पाठवतो. मात्र पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरते आणि नंतर धूळ बसते. म्हणून दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर नवा हात द्यायला हवा.

आता पंखा पाहू. साधा छताचा पंखा सुमारे ७५ वॉट वीज घेतो. ‘बीएलडीसी’ पंखा तेवढ्याच वाऱ्यासाठी ३० वॉटच्या आसपास घेतो. जुन्या मोटरच्या फिरत्या भागात चुंबकत्व निर्माण करायलाच वीज खर्ची पडते आणि त्यातली बरीच उष्णता होऊन वाया जाते. नव्या मोटरमध्ये तिथे कायमचुंबक असतो, त्यामुळे तो खर्चच वाचतो. भिंतीवर जुना, मोठ्या डबीचा रेग्युलेटर असेल तर पंखा हळू करून त्याला हात लावून पाहा. तो कोमट लागतो, कारण पंख्याची कमी झालेली वीज तिथे उष्णतेच्या रूपाने जळत असते.

ट्यूबलाइटचीही तीच गत. चोकसह जुनी नळी सुमारे ५० वॉट घेते, तर एलईडी नळी २० वॉटमध्ये काम भागवते.

हिशेब मांडून पाहू. एका कार्यालयात ४० पंखे आणि ६० नळ्या आहेत आणि त्या वर्षातून २,००० तास चालतात, असे धरू. पंखे बदलल्यास ३,६०० युनिट वाचतात आणि नळ्या बदलल्यासही तितकीच. म्हणजे वर्षाला ७,२०० युनिट. आपल्याकडे एका युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे एकाच कार्यालयातून दर वर्षी सुमारे ५ टन वायूची बचत.

साहेबांच्या दालनातल्या एसीसाठी तर खर्चही लागत नाही. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या मते एसीचे तापमान एका अंशाने वाढवले की सुमारे ६ टक्के वीज वाचते. त्यामुळेच २०२० पासून नवे तारांकित एसी सुरू होतानाच २४ अंशांवर असावेत, असे बंधन आले.

सुरुवातीच्या पैशाची अडचण नेहमीच पुढे केली जाते. पण २००९ मध्ये स्थापन झालेल्या ईईएसएल या सरकारी कंपनीने देशभर राबवलेला मार्ग समोर आहे : दिवे-पंखे कंपनीने बसवायचे आणि वाचलेल्या बिलातून हप्ते फेडायचे.

तरीही बहुतेक ठिकाणी सुरुवात होते ती छतावरच्या सौर पॅनेलपासून. पॅनेल हवेतच, पण गळका रांजण तसाच ठेवून मोठी मोटर बसवण्यात अर्थ नाही. छत पांढरे केले, पंखे-दिवे बदलले, एसी २४ वर आणला, की विजेची गरजच घटते आणि लहान पॅनेल संच पुरतो. क्रम असा हवा : आधी मोजणी, मग बचत, शेवटी निर्मिती.

या इमारतींचे वीजबिल तुमच्या-आमच्या घरपट्टीतून भरले जाते. येत्या ग्रामसभेत किंवा नगरसेवकाच्या भेटीत एवढे तरी विचारा : आपल्या कार्यालयाचे गेल्या वर्षीचे वीजबिल किती, आणि ऊर्जा तपासणी शेवटची कधी झाली?