गॅटाका : खुनी कोण? आणि लायक कोण?

रॉकेट आहे, खून आहे, ऊमा थर्मन आहे. पण १९९७ सालचा हा सिनेमा बघताना आठवतं ते आपलंच ऑफिस!

समजा, ड्रीम कंपनीतून इंटरव्ह्यूचा कॉल आलाय. रात्री जागून रेझ्युमे पॉलिश केलाय, शर्टाला कडक इस्त्री मारलीय, 'तुमचा वीक पॉइंट काय?' याचं उत्तर आरशासमोर घोकून झालंय. तिथे पोचलात तर समोरचा साहेब एक छोटी बाटली पुढे करतो. युरीन सॅम्पल प्लीज! मशीनवर हिरवा दिवा लागतो आणि तुमचं सिलेक्शन पक्कं. एकही प्रश्न नाही. रेझ्युमे तसाच फाइलमध्ये.

भारी ना? थांबा. लाल दिवा लागला असता तर?

अँड्र्यू निकोल या दिग्दर्शकाच्या 'गॅटाका'मधलं जग असं आहे. नजीकच्या भविष्यात आईवडील क्लिनिकमध्ये जाऊन आपलं बाळ जवळपास ऑर्डर देऊन बनवतात. डोळ्यांचा रंग, मुलगा की मुलगी, सगळं ठरवून. असे डिझायनर लोक म्हणजे 'व्हॅलिड'. देवावर भरवसा ठेवून जन्माला आलेले ते 'इन-व्हॅलिड', म्हणजे रद्दबातल. गंमत म्हणजे जीन्सवरून भेदभाव करायला त्या जगात कायद्याने बंदी आहे! पण कायदा पाळतो कोण? हस्तांदोलन केलं, दाराची मूठ धरली, अर्जाच्या पाकिटाला थुंकी लावली, की कंपनीला हवी ती माहिती मिळालीच.

उसन्या रक्ताचा हीरो

आपला हीरो व्हिन्सेंट (ईथन हॉक) हा इन-व्हॅलिड. जन्मताच रिपोर्ट हातात : हृदयविकाराची शक्यता ९९ टक्के, आयुष्य जेमतेम तिशीपर्यंत. त्याला जायचंय अंतराळात. पण 'गॅटाका' या अंतराळ कंपनीत त्याला काम मिळतं ते झाडूपोछ्याचं.

मग तो एक जुगाड करतो. जेरोम (ज्यूड लॉ) हा परफेक्ट जीन्सचा जलतरणपटू अपघातानंतर व्हीलचेअरला खिळलाय. व्हिन्सेंट त्याचं नाव घेतो, आणि नावासोबत त्याचं रक्त, युरीन, केससुद्धा. बोटाच्या टोकावर रक्ताची इवलीशी पिशवी चिकटवायची. स्वतःचा एकही केस ऑफिसात पडू नये म्हणून रोज सकाळी अंग खरवडून काढायचं. उंची जुळावी म्हणून पायांचं ऑपरेशनसुद्धा! बघता बघता गडी शनीच्या टायटन या चंद्रावर जाणाऱ्या मोहिमेसाठी निवडला जातो.

आणि उड्डाणाला आठवडा उरलेला असताना कंपनीतल्या एका बड्या साहेबाचा खून होतो. हत्यार काय, तर कीबोर्ड! पोलिसांना तिथे पापणीचा एक केस सापडतो. कोणाचा? व्हिन्सेंटचा. एका इन-व्हॅलिडचा. झालं, केस सॉल्व्ह्ड!

(सिनेमा पाहिला नसेल तर पुढचा एक परिच्छेद सोडा. नंतर शिव्या घालू नका!)

खुनी व्हिन्सेंट नाहीच. खुनी आहे मोहिमेचा डायरेक्टर. मेलेला साहेब मोहीम रद्द करायला निघाला होता आणि तशी संधी पुन्हा सत्तर वर्षांनी येणार होती. या डायरेक्टरवर संशय का येत नाही? कारण त्याच्या रिपोर्टमध्ये हिंसक वृत्तीचा मागमूस नाही! शेवटी तो पकडला जातो तोसुद्धा डीएनएमुळेच. मेलेल्या माणसाच्या डोळ्यात त्याची थुंकी सापडते.

म्हणजे टेस्ट खोटं बोललीच नव्हती. पापणीचा केस एवढंच सांगत होता की हा माणूस इथे येऊन गेलाय. 'यानेच केलं असणार' हे पोलिसांनी पदरचं घातलं. 'या जागी कोण होतं?' या प्रश्नाचं उत्तर डीएनए झकास देतो. 'कोण काय करू शकेल?' हे त्याला विचारलं की घोळ होतो. व्हिन्सेंटला झाडू हातात देणाऱ्यांनी आणि खुन्याला सोडून देणाऱ्यांनी एकच चूक केली.

हे खरंच घडलंय!

उसनं रक्त फारच फिल्मी वाटतंय? मग इंग्लंडला चला. लेस्टर विद्यापीठाच्या अ‍ॅलेक जेफ्रीज यांनी १९८४ मध्ये डीएनए फिंगरप्रिंटिंगचा शोध लावला. जवळच्याच भागात १९८३ आणि १९८६ मध्ये दोन शाळकरी मुलींचे खून झाले होते. एका सतरा वर्षांच्या मुलाने त्यातल्या एका खुनाची कबुलीही दिली होती. जेफ्रीज यांच्या टेस्टने सांगितलं, दोन्ही खून एकाच माणसाचे, आणि तो हा मुलगा नव्हे. डीएनएने गाजवलेली ही पहिली मोठी केस, आणि तिने आधी एक निरपराध पोरगा सोडवला!

मग पोलिसांनी परिसरातल्या हजारो पुरुषांचं रक्त तपासलं. कोणीच सापडेना. कारण खऱ्या खुन्याने, कॉलिन पिचफोर्कने, आपल्या जागी बेकरीतल्या सहकाऱ्याला रक्त द्यायला पाठवलं होतं! तो सहकारी पबमध्ये बरळला आणि भांडं फुटलं. १९८८ मध्ये पिचफोर्कला जन्मठेप झाली.

आपल्याकडे काय?

सिनेमा आला तेव्हा तो आपटला. अमेरिकेत खर्चाच्या निम्मेसुद्धा वसूल झाले नाहीत. पण 'डॉली' मेंढीची बातमी त्याच वर्षी फुटली होती आणि तेव्हापासून जग गॅटाकाच्या दिशेने सरकतंय. २०१८ मध्ये चीनच्या हे जियानक्वी यांनी जीन्समध्ये बदल केलेल्या जुळ्या मुली जन्मल्याचं जाहीर केलं. पुढच्याच वर्षी त्यांना तीन वर्षांचा तुरुंगवास झाला. अमेरिकेत आज काही कंपन्या आयव्हीएफच्या भ्रूणांना आजारांच्या शक्यतेनुसार स्कोअर देतात.

आणि जन्माआधीच निवड करण्याचा धडा आपण फार आधी गिरवलाय. गर्भलिंगनिदान आवरण्यासाठी महाराष्ट्राला १९८८ मध्येच कायदा करावा लागला होता, देशाच्या कायद्याच्या सहा वर्षं आधी.

२०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयासमोर तर साक्षात व्हिन्सेंटच उभा होता म्हणा ना! हृदयविकार 'जनुकीय' आहे, असं सांगून एका माणसाचा विम्याचा दावा नाकारला गेला होता. जीन्सच्या नावाखाली असं सरसकट वगळणं हा भेदभाव आहे, असं न्यायालयाने म्हटलं. हृदय, विमा, जीन्स. हे तर तुमच्या-आमच्या मेडिक्लेमच्या फॉर्मवरचे शब्द!

सिनेमातला सगळ्यात भारी सीन मात्र खुनाचा नाही. व्हिन्सेंट आणि त्याचा 'परफेक्ट' धाकटा भाऊ लहानपणापासून समुद्रात पोहायची पैज लावतात. जो आधी मागे फिरेल तो हरला. कागदावर व्हिन्सेंट जिंकूच शकत नाही. तरी एकदा जिंकतो. कसा? परतीच्या वाटेसाठी तो दम राखूनच ठेवत नाही!

हे कुठल्या रिपोर्टमध्ये येतं, सांगा बरं? या वीकेंडला सिनेमा बघाच. आणि सोमवारी एखाद्याच्या कॉलेजचं नाव नाहीतर मार्कशीट बघून 'हा काय करणार?' असं म्हणावंसं वाटलं, तर तो पापणीचा केस आठवा.