श्रवणयंत्राची निगा : भिलाईच्या पावसात आणि कूलरच्या हवेत

छत्तीसगडमधील भिलाई हे पोलादाचे शहर म्हणून ओळखले जाते. तत्कालीन सोव्हिएत संघाच्या साहाय्याने उभारलेल्या येथील कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. त्यानंतर देशाच्या सर्व भागांतून लोक येथे नोकरीसाठी आले आणि इथलेच झाले. विदर्भातून आलेली अनेक मराठी कुटुंबे त्यांत होती. सुरुवातीच्या काळातील कामगारांची पिढी आता वृद्ध झाली आहे आणि घरातील ज्येष्ठांना ऐकू कमी येणे ही या शहराला अपरिचित गोष्ट नाही.

पोलाद कारखान्यातील यंत्रांचा आवाज वर्षानुवर्षे कानांवर आदळत राहिला, तर आतील कानातील सूक्ष्म केसपेशी नष्ट होतात. त्या पुन्हा निर्माण होत नाहीत. कारखाने अधिनियम १९४८ नुसार आखलेल्या आदर्श नियमांत आठ तासांच्या पाळीसाठी ९० डेसिबल ही आवाजाची मर्यादा ठरविण्यात आली होती, तर त्या अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत आवाजामुळे येणाऱ्या बहिरेपणाचा समावेश करण्यात आला होता. अशा बहिरेपणात प्रथम उच्च पट्टीचे ध्वनी लोप पावतात. 'स', 'श', 'फ' यांसारखी व्यंजने निसटतात. आवाज ऐकू येतो, परंतु शब्द कळत नाही. घरच्यांना मात्र वाटते की, वडीलधारी व्यक्ती मुद्दाम दुर्लक्ष करीत आहे.

अशा व्यक्तीला श्रवणयंत्राचा आधार मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातील सुमारे ४३ कोटी लोकांना श्रवणदोषामुळे पुनर्वसनाची गरज आहे; त्यांपैकी फार थोड्यांपर्यंत हे यंत्र पोहोचते. ज्यांना ते मिळते, त्यांच्यापैकीही अनेकांचे यंत्र काही महिन्यांत कपाटाच्या खणात जाऊन पडते. 'बिघडले' असे समजून बाजूला ठेवलेल्या यंत्रात पुष्कळदा बिघाड नसतोच. नळीत साचलेले पाणी, छिद्रात अडकलेला मळ किंवा संपलेला सेल एवढेच त्याचे कारण असते.

यंत्राचा सर्वांत मोठा शत्रू ओलावा. भिलाईत जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत हवा दमट असते. मे महिन्यात पारा ४४ अंशांच्या आसपास गेला की, घाम यंत्रात शिरतो. विदर्भ-छत्तीसगडच्या उन्हाळ्यात एक आणखी भर पडते, ती पाण्यावर चालणाऱ्या कूलरची. रात्री यंत्र काढून कूलरसमोरच्या टेबलावर ठेवण्याची सवय असेल, तर ते रात्रभर ओलसर हवेत राहते. कूलरच्या पंख्याचा आवाजही यंत्र मोठा करून कानात सोडते, त्यामुळे त्याच्या अगदी जवळ बसून संभाषण करणे कष्टाचे होते.

यावरचा उपाय स्वस्त आहे. घट्ट झाकणाच्या डबीत ओलावा शोषणारे सिलिका जेलचे खडे ठेवून यंत्र रात्री त्यात ठेवावे. सुटा सेल असलेल्या यंत्राच्या सेलची खाच उघडी ठेवावी आणि सेल डबीबाहेर ठेवावा, कारण अतिशय कोरड्या हवेत तो सुकतो. निळे खडे गुलाबी झाले की, ते ओलाव्याने भरले आहेत असे समजावे आणि बदलावेत. यंत्र भिजल्यास ते ताबडतोब बंद करून सेल काढावा आणि कोरड्या फडक्याने पुसावे. उन्हात, शेगडीजवळ किंवा केस वाळविण्याच्या यंत्राच्या गरम हवेत ते वाळवू नये. उष्णतेने आतील भाग आणि बाहेरचे प्लास्टिक दोन्ही खराब होतात.

सेलच्या बाबतीत गैरसमज बरेच आहेत. कानामागे लावण्याच्या बहुतेक सेलवर चालणाऱ्या यंत्रांत जस्त-हवा प्रकारचा सेल असतो. त्यावरील रंगीत पट्टी काढली की हवा आत जाते आणि रासायनिक क्रिया सुरू होते. म्हणून पट्टी काढल्यावर दोन-तीन मिनिटे थांबून मगच सेल बसवावा. एकदा काढलेली पट्टी पुन्हा चिकटविल्याने सेल वाचत नाही. पट्टीच्या रंगावरून आकार ओळखता येतो : १० क्रमांकाला पिवळा, ३१२ ला तपकिरी, १३ ला नारिंगी आणि ६७५ ला निळा. खरेदी करताना दुकानदाराला जुन्या सेलचे पाकीट दाखविणे सर्वांत सोपे. हे सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. मुलाने सेल गिळल्यास उलटी न काढता त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे.

यंत्र दररोज कोरड्या मऊ फडक्याने पुसावे आणि सोबत मिळालेल्या छोट्या ब्रशने छिद्रांतील मळ काढावा. टाचणी किंवा सुई कधीही घालू नये. कानाचा साचा यंत्रापासून वेगळा करून कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुता येतो. त्यानंतर नळीतील पाण्याचे थेंब फुंकणीने काढून साचा पूर्ण वाळल्यावरच तो यंत्राला जोडावा. यंत्र मात्र पाण्यात बुडवू नये. साच्याची नळी काही महिन्यांत कडक आणि पिवळसर होते. ती बदलून घेण्याचा खर्च किरकोळ असतो. केसांना खोबरेल तेल लावल्यावर, दाढी करताना, आंघोळीच्या वेळी आणि रंगपंचमीला यंत्र काढून ठेवावे. कानात मोहरीचे कोमट तेल घालण्याची उत्तर भारतातील पद्धत येथेही आढळते. यंत्र वापरणाऱ्यांनी ती टाळावी. तेल साच्यातून थेट यंत्राकडे जाते.

यंत्रातून शिट्टीसारखा आवाज येणे ही सर्वांत नेहमीची तक्रार. साचा नीट न बसणे, तो सैल होणे किंवा कानात मळ साचणे ही त्याची प्रमुख कारणे. मुलांचा कान वाढत असल्याने त्यांचे साचे वेळोवेळी बदलावे लागतात. आवाज कमी करून शिट्टी थांबविणे हा उपाय नव्हे, कारण त्यामुळे बोलणेच ऐकू येईनासे होते. साचा नीट बसवूनही शिट्टी थांबली नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून कान तपासून घ्यावा. मळ काढण्याचा प्रयत्न घरी करू नये.

कारखान्यात अद्याप कामावर असलेल्यांनी एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. श्रवणयंत्र हे कानाचे संरक्षक साधन नाही. आवाजाच्या जागी ते चालू ठेवल्यास उरलेल्या श्रवणशक्तीवर अधिक ताण येतो, आणि बंद यंत्र आवाजापासून पुरेसे रक्षण करीत नाही. संरक्षक साधन वेगळे आणि स्वतंत्रपणे वापरावे लागते.

निगेचा प्रश्न पैशांचाही आहे. केंद्र सरकारच्या ॲडिप योजनेत किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असलेल्या आणि उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्या व्यक्तींना श्रवणयंत्र मिळते. मात्र, मागील तीन वर्षांत याच कारणासाठी साहाय्य घेतलेले नसावे अशी अट आहे. १२ वर्षांखालील मुलांसाठी ती एक वर्षाची आहे. ओलाव्याने यंत्र निकामी झाले, तर तितका काळ थांबण्याची वेळ येऊ शकते.

भिलाईत सेक्टर ९ मध्ये कारखान्याचे जवाहरलाल नेहरू रुग्णालय आहे. याच लोहमार्गावर पश्चिमेला राजनांदगाव येथे दिव्यांगजनांसाठी केंद्र सरकारचे संयुक्त प्रादेशिक केंद्र चालविले जाते. महाराष्ट्रातील रुग्णांसाठी मुंबईत वांद्रे येथे १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. तपासणीला जाताना यंत्रासोबत साचा, नवा सेल आणि आधीच्या श्रवणचाचणीचा आलेख न्यावा. यंत्र कोणत्या वेळी आणि कोणत्या ठिकाणी बंद पडते याची दोन ओळींची नोंदही जवळ ठेवावी, म्हणजे तंत्रज्ञाला दोष शोधणे सोपे जाते.