घरपट्टी, झोन आणि तीस दिवस

कर्जत आणि खोपोलीत नगरपरिषद आहे, खालापुरात नगरपंचायत. तिन्ही ठिकाणचा कारभार 1965 च्या एकाच कायद्याने चालतो. अंदाजपत्रकाच्या सभेत आवाज चढतात ते गटारे, पाणी नि रस्त्यांवरून. घरपट्टीचा खरा निकाल मात्र आकारणी यादीत लागतो, आणि ती वाचायला फारसे कोणी फिरकत नाही.

भाडेमूल्याच्या पद्धतीत घराला वर्षाकाठी किती भाडे येऊ शकेल, ते पाहतात. दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा करून उरते ते करयोग्य मूल्य. नवी यादी लागली की हरकतीसाठी किमान 30 दिवस मिळतात. मुदत टळली की तक्रार चहाच्या टपरीपुरतीच!

जमिनीच्या वापराचे गणित याहून किचकट. 2013 मध्ये सिडकोकडे नवी मुंबई विमानतळाभोवतीच्या ‘नैना’ क्षेत्राचे नियोजन आले, त्यात कर्जत-खालापूरमधली गावेही होती. माथेरानभोवती 2003 पासून पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र आहे. त्यामुळे शेजारच्या दोन गावांत बांधकामाचे नियम वेगळे असू शकतात.

फार्महाऊसची जाहिरात हे सांगत नाही. प्लॉटचा इसार देण्याआधी सातबाऱ्यासोबत जमीन कोणत्या वापरासाठी राखली आहे ते सांगणारा झोन दाखलाही मागून घ्यावा.